उसाची वंशावळ व कोइमतूरची प्रजनन-संस्था

आपल्या भागांतील कोणत्याही बागाइतदारास त्याच्या जमिनीची माहिती विचारली असतां गट नंबर, क्षेत्र, आकार आणि फेरफार नंबर तो तोंडपाठ सांगतो. आजोबांच्या नांवावरून वडिलांच्या नांवावर जमीन कोणत्या सालीं चढली, वांटणी केव्हां झाली, हद्दीचा दगड कोठें आहे, यांत तो सहसा चुकत नाहीं. परंतु त्याच जमिनींत उभा असलेला ऊस कोणत्या जातीचा, त्या जातीचे आईबाप कोण, तिचें बेणें आपल्या शेतांत कोठून आलें, असें विचारलें तर 'कारखान्याचें बेणें आहे' किंवा 'शेजाऱ्याकडून आणलें' एवढेंच उत्तर बहुतेक ठिकाणीं मिळतें. प्रस्तुत लेखकानें महसूल खात्यांत कारकुनी केली असून पीकपाहणीचे तक्ते जुळविण्यांत पुष्कळ वर्षें घालविलीं आहेत. त्या तक्त्यांत 'ऊस' एवढा शब्द भरला कीं आमचें काम संपे. जातीची चौकशी आम्हीं कधीं केली नाहीं. तेव्हां हा दोष एकट्या शेतकऱ्याचा नव्हे.

उसालाही मात्र एक हक्काचें पत्रक आहे. कोणत्या उसाची आई कोण, बाप कोण, त्यास क्रमांक कोणत्या सालीं मिळाला, त्याच्या ठायीं कोणता रोग सोसण्याची ताकद आहे व कोणती नाहीं, या सर्व गोष्टींची नोंद मद्रासकडील, म्हणजे आजच्या तमिळनाडु राज्यांतील कोइमतूर येथें सन १९१२ पासून अव्याहत ठेविली जात आहे. हें काम करणारी ऊस-प्रजनन संस्था भारत सरकारच्या खर्चानें चालते. हिची स्थापना कां झाली, तेथें काम कसें चालतें, आणि त्या कामाचें फळ पदरांत पडण्यासाठीं आपण काय केलें पाहिजे, या तीन गोष्टींचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

१. संस्थेची गरज कां पडली?

ऊस लावतांना आपण बीं पेरीत नाहीं, टिपरी लावतों. टिपरीचा डोळा फुटून जें रोप येतें तें मूळ उसाचाच एक तुकडा होय. त्यांत आईबापांचा नवा संयोग नसतो. त्यामुळें एक चांगला ऊस सांपडला कीं तो हजारों एकरांवर जसाच्या तसा वाढवितां येतो, हा मोठा फायदा आहे. परंतु त्या एका उसास एखादा रोग बाधूं लागला कीं तो त्या हजारों एकरांतील प्रत्येक उसास बाधूं शकतो, हा तितकाच मोठा धोका आहे. वाचकांनीं एवढी एक गोष्ट ध्यानांत ठेविली म्हणजे पुढील सर्व हकीकत समजण्यास सोपी जाईल.

पूर्वीं उसास उगवणारें बीं धरतच नाहीं अशी सर्वत्र समजूत होती. सन १८८८ च्या सुमारास जावा बेटांत व वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटांत ही समजूत चुकीची ठरली. तुऱ्यांतील बीं पेरून तेथें रोपें उगवलीं, आणि एका उसाचा दुसऱ्या उसाशीं संकर करून नवी जात काढतां येते हें सिद्ध झालें. जावाच्या डच मळेवाल्यांनीं याचा तात्काळ लाभ घेतला.

आपल्या देशांत त्या वेळीं स्थिति निराळी होती. उत्तर हिंदुस्थानांतील ऊस बोरूसारखा बारीक. थंडी व पाण्याची ओढ सोसणारा, परंतु रसास कमी. दक्षिणेंतील ऊस जाड व रसाळ, पण नाजूक. आपल्याकडील जुना पुंड्या याच दुसऱ्या प्रकारचा. आपल्याच गोदावरीच्या मुखाकडील प्रदेशांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाल कूज या रोगानें उसाचे मळेच्या मळे बसविले. इकडे जावाची साखर आपल्या बंदरांत भराभर उतरत होती. ऊस पुष्कळ लावणाऱ्या देशानें साखर मात्र परक्याची खावी, असा हा प्रकार होता.

या संकटावर उपाय म्हणून सन १९१२ मध्यें कोइमतूर येथें प्रजनन-केंद्र काढण्यांत आलें व डॉ. चार्ल्स बार्बर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हातीं तें देण्यांत आलें. कोइमतूरच कां, याचें कारण हवामानांत आहे. उत्तर हिंदुस्थानांत थंडीमुळें उसास बहुधा तुराच येत नाहीं, किंवा आला तरी बीं धरत नाहीं. कोइमतूर विषुववृत्ताकडे बरेंच सरकलेलें असल्यामुळें तेथें अनेक जातींस चांगला तुरा येतो व बींही धरतें. म्हणून पंजाबांत लावावयाच्या उसाचा जन्म दूर दक्षिणेंत व्हावा, असा योग आला.

२. नदीकांठच्या गवताचा वांटा

बार्बर व त्यांचे सहकारी टी. एस. वेंकटरामन यांनीं जो पहिला महत्त्वाचा संकर केला तो ऐकून त्या काळीं पुष्कळांस हसूं आलें असेल. त्यांनीं 'वेल्लै' नांवाचा दक्षिणेंतील जाड ऊस घेतला, आणि त्याचा संकर आपल्या नद्यांच्या कांठीं उगवणाऱ्या, शरदांत पांढरे तुरे मिरविणाऱ्या काश गवताच्या जातीशीं केला. हें गवत उसाच्याच कुळांतील आहे. त्यांत साखर नांवापुरती असते. परंतु उपटलें तरी पुन्हां फुटणें, पुरांत व दुष्काळांत तग धरणें, रोगास दाद न देणें, हे गुण त्याच्या अंगीं आहेत. साखर एकाची व काटकपणा दुसऱ्याचा असा हा मेळ होता. या संकरांतून निघालेली 'को. २०५' ही जात सन १९१८ मध्यें पंजाबांत लागवडीस देण्यांत आली व स्थानिक बारीक उसापेक्षां ती सरस ठरली. पुढें बिहारांत को. २१३, उत्तरेकडे को. ३१२ अशा जाती पसरल्या.

बार्बर यांच्यामागून संस्थेचा कारभार वेंकटरामन यांनीं पाहिला. जाड ऊस, उत्तरेचा बारीक ऊस व रानटी काश, अशा तीन कुळांचें रक्त एका उसांत आणण्याची रीत त्यांनीं रूढ केली. उत्तरेच्या बारीक उसास शास्त्रांत बार्बर यांच्याच नांवावरून 'सॅकरम बार्बेरी' म्हणतात. थोड्या महिन्यांत तयार होणारा ऊस मिळावा या हेतूनें वेंकटरामन यांनीं उसाचा आपल्या ज्वारीशींही संकर करून पाहिला. सन १९३४ ते १९३९ या काळांत जानकी अम्माळ या विदुषींनीं याच संस्थेंत उसाच्या पेशींतील गुणसूत्रांचा अभ्यास केला. जाड उसांत हीं गुणसूत्रें ८० असतात. हल्लींच्या संकरित उसांत तीं शंभराच्या वर असतात. एकाच संकराच्या दोन रोपांत इतका फरक कां पडतो, याचा उलगडा अशा अभ्यासानें होऊं लागला.

सन १९३२ मध्यें साखरधंद्यास संरक्षण देणारा जकातीचा कायदा झाला, आणि देशांतील कारखान्यांची संख्या तीसच्या आसपास होती ती चार-पांच वर्षांत शंभरावर गेली. या वाढीचें श्रेय सामान्यतः कायद्यास दिलें जातें, व तें योग्यच आहे. परंतु गव्हाणींत टाकावयास ऊस नसता तर कायदा काय करणार होता? तो ऊस त्यापूर्वीं वीस वर्षें कोइमतूरच्या वाफ्यांत तयार होत होता.

३. आपल्या मुलखाशीं संबंध

दक्षिण महाराष्ट्रांतील वडीलधारी मंडळी अजून 'चारशें एकोणीस' या उसाची आठवण काढतात. को. ४१९ ची आई जावाची पी. ओ. जे. २८७८ ही प्रसिद्ध जात व बाप कोइमतूरचा को. २९०. पुंड्याची जागा घेणाऱ्या जातींत हिचें स्थान मोठें आहे. तिच्यामागून को. ७४० आली व तिनें आपल्याकडे बरींच वर्षें राज्य केलें. पण काणी रोगास ती सहज बळी पडे. शेंड्यांतून काळा चाबूक निघालेला ऊस ज्यांनीं पाहिला आहे त्यांस हें निराळें सांगावयास नको.

आजची को. ८६०३२, जिला आपण 'नीरा' म्हणतों, ती याच घराण्यांतील. तिची आई को. ६२१९८ व बाप को-सी. ६७१. सन २००० मध्यें ती अधिकृतपणें प्रसारित झाली व आपल्या राज्यांत सर्वांत अधिक पसरलेल्या जातींत ती जाऊन बसली. तिच्या बापाचा, म्हणजे को-सी. ६७१ चा साखर उतारा उत्तम. परंतु लाल कुजेमुळें कांहीं प्रांतांत त्या जातीस लौकरच रजा घ्यावी लागली. बापाची साखर घेऊन त्याचा नाजूकपणा शक्य तितका टाळावयाचा, हें प्रजनकाचें कसब येथें दिसून येतें.

नांवांचा हा उलगडा प्रत्येक शेतकऱ्यास वाचतां आला पाहिजे. 'को' म्हणजे कोइमतूर. त्यापुढें अक्षर असेल तर निवड कोठें झाली तें कळतें. 'सी' म्हणजे कडलूर, 'एलके' म्हणजे लखनौ, 'एम' म्हणजे महाराष्ट्र. जुन्या जातींचे आंकडे अनुक्रमांक होते; नव्यांत पहिले दोन आंकडे क्रमांक मिळाल्याचें साल दाखवितात. त्यावरून को. ८६०३२ ही १९८६ ची, व आपल्या पाडेगांव केंद्रानें निवडलेली को-एम. ०२६५, म्हणजे 'फुले २६५', ही २००२ ची. सातारा जिल्ह्यांतील पाडेगांवचें हें केंद्र सन १९३२ पासून काम करीत असून हल्लीं तें राहुरीच्या कृषि विद्यापीठाकडे आहे. कोइमतूरचें बीज व पाडेगांवची निवड अशी ही जोडी आहे. आंबोलीच्या घाटमाथ्यावर उसास चांगला तुरा येतो, हें ध्यानांत घेऊन मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटनेंही तेथें प्रजनन-केंद्र उभारलें आहे. ही इन्स्टिट्यूट मात्र सरकारी नसून ऊस-उत्पादकांची व कारखान्यांची आहे.

४. नवी जात कशी निपजते?

कांहीं वर्षांपूर्वीं शेतकऱ्यांच्या एका सहलीबरोबर नोव्हेंबर महिन्यांत कोइमतूरास जाण्याचा योग आला होता. आपल्याकडे उसास तुरा आला कीं आपण धास्तावतों. वाढ थांबली, वजन घटणार, तोड लौकर मिळाली पाहिजे, अशी धांदल उडते. तेथें तुरा हेंच पीक! ओळींत उभ्या असलेल्या शेंकडों जातींच्या तुऱ्यांवर कापडी पिशव्या चढविलेल्या पाहून आमच्यांतील एक गृहस्थ म्हणाले, 'आमच्याकडे तुरा म्हणजे तोटा, यांच्याकडे तुरा म्हणजे भांडवल.'

कामाची रीत थोडक्यांत अशी आहे. ज्या उसाचे पराग वांझ असतात तो आईच्या जागीं घेतात. ज्याचे पराग जिवंत असतात तो बाप होतो. आईच्या तुऱ्यावर परका पराग पडूं नये म्हणून तो झांकून ठेवितात व ठराविक बापाचा पराग सकाळीं त्यावर झाडतात. सुमारें महिन्याभरांत कापसासारख्या बोंड्यांत अगदीं बारीक बीं तयार होतें. हें बीं पेरून जीं रोपें येतात त्यांत एकही दुसऱ्यासारखें नसतें. सख्ख्या भावंडांत एक उंच, एक बुटकें, एक गोरें, एक सांवळें निघावें, तसाच हा प्रकार होय.

येथून निवडीस आरंभ होतो. हजारों रोपांतून जाडी, फुटवे व रसांतील साखर पाहून थोडीं राखतात. बाकीचीं टाकून देतात. राखलेल्यांच्या टिपऱ्या करून पुढील वर्षीं पुन्हां लावतात व पुन्हां चाळणी लावतात. लाल कुजेची परीक्षा तर फार कडक असते. उभ्या उसास भोंक पाडून त्यांत मुद्दाम रोगाची बुरशी भरतात. मग कांहीं आठवड्यांनीं ऊस चिरून रोग किती कांडीं चढला तें मोजतात. शेवटीं निरनिराळ्या राज्यांतील केंद्रांवर दोन लावणी व एक खोडवा घेऊन तुलना होते, आणि मगच जात प्रसारित होते. को. ८६०३२ ला क्रमांक मिळाल्यापासून प्रसारित होण्यास चौदा वर्षें लागलीं, उत्तरेकडील को. ०२३८ ला सात.

दरवर्षीं निरनिराळ्या राज्यांतील केंद्रांचे शास्त्रज्ञ कोइमतूरास येऊन तेथील राष्ट्रीय संकर-उद्यानांत आपापल्या पसंतीचे संकर करून घेतात व बीं आपल्या प्रांतीं नेतात. संस्थेचें एक उपकेंद्र हरियाणांत कर्नाल येथें आहे, तें उत्तरेकडील थंड हवेच्या उसासाठीं. दुसरें केरळांत कण्णूर येथें असून देशोदेशींचे तीन हजारांहून अधिक नमुने तेथें जिवंत राखलेले आहेत. जावाचे जुने ऊस व उत्तरेचे बारीक ऊस या संग्रहांत आहेत. आपल्या तहसील कचेरीच्या दप्तरखान्यांत जुने कडई रुमाल जपून ठेवितात; कां, तर उद्यां तंटा उपस्थित झाला तर पुरावा तेथेंच सांपडावयाचा. कण्णूरचा संग्रह असाच आहे. उद्यां नवा रोग उद्भवला तर त्यास तोंड देणारा गुण तेथेंच शोधावा लागेल.

हा खर्च सरकारनें कां करावा, अशी शंका कित्येकांस येते. याचें उत्तर उसाच्या स्वभावांतच आहे. कपाशीचें संकरित बीं दरवर्षीं विकत घ्यावें लागतें, म्हणून त्यावर व्यापारी पैसा लावतो. उसाची एक मोळी कोणी आणली कीं तीन-चार वर्षांत तो सारें गांव त्या जातीचें करूं शकतो. बारा-चौदा वर्षें खर्च करून काढलेली जात एका मोळीच्या किंमतींत हातची जाणार असेल तर त्या धंद्यांत कोणता व्यापारी पडेल? म्हणून हें ओझें सार्वजनिक तिजोरीनेंच उचलावयाचें असतें. सन १९६९ पासून ही संस्था भारतीय कृषि अनुसंधान परिषदेकडे आहे, व तिचा खर्च आपण सर्व भरतों त्या करांतून चालतो. अर्थात् तिच्याकडे जाब मागण्याचा व तिचा लाभ घेण्याचा, दोन्ही हक्क आपणांस आहेत.

५. 'जात बिघडली' म्हणजे काय?

'पूर्वीं या उसास साठ टन पडत, आतां चाळीस पडत नाहींत. जात बिघडली,' असे उद्गार पारावर नेहमीं ऐकूं येतात. या एका वाक्यांत दोन अगदीं निराळ्या गोष्टींची गल्लत होते.

पहिली गोष्ट अशी कीं, जात तीच असते पण बेणें रोगट झालेलें असतें. गवताळ वाढ व खोडवा खुजा पडण्याचा रोग हे टिपरीबरोबर एका शेतांतून दुसऱ्या शेतांत जातात. लावणींत ते बहुधा दिसत नाहींत. खोडव्यांत मात्र उघडे पडतात. याचा दाखला म्हणून स्वतःचीच चूक सांगतों. सन २०१९ च्या आडसाली हंगामांत मीं दोन एकर ऊस लावला. नोंदणी केलेलें बेणें दूर होतें व त्याची वाहतूक महाग पडत होती. म्हणून गांवांतीलच एका खोडव्याचें बेणें स्वस्तांत आणलें. देणाऱ्यानें कांहीं लपविलें नव्हतें. मींच विचारलें नाहीं. लावणीचें पीक बरें आलें, म्हणून मी निश्चिंत राहिलों. सन २०२१ मध्यें खोडवा फुटला तेव्हां बेटांबेटांतून पांढुरके, गवतासारखे बारीक फुटवे निघाले. जवळ जवळ तिसरा हिस्सा बेटें अशीं निघालीं. त्यांतून एकही गाळपाचा ऊस झाला नाहीं. पाणी, खत व खुरपणी यांचा खर्च पुऱ्या दोन एकरांचा, आणि पीक सव्वा एकराचें! सोसायटीचें कर्ज मुदतींत फिटलें नाहीं व व्याजाची सवलत गेली. जन्मभर लोकांच्या उताऱ्यांवरील नोंदी तपासणाऱ्या कारकुनानें आपल्याच बेण्याचा उतारा पाहिला नाहीं, त्याचा हा दंड होता. त्याच शिवारांत माझ्या धाकट्या बंधूंनीं पायाभूत बेणें आणून लावलेली तीच जात त्याच वर्षीं खोडव्यांत उत्तम उभी होती. तेव्हां जात बिघडली नव्हती. बेणें बिघडलें होतें.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. कांहीं वेळां रोगाची बुरशीच आपलें रूप बदलते, आणि काल तिला दाद न देणारा ऊस आज तिला बळी पडतो. येथें निरोगी बेणें आणूनही पुरें पडत नाहीं. जातच बदलावी लागते. याचें अगदीं ताजें उदाहरण उत्तर प्रदेशांत घडलें. कर्नाल येथें डॉ. बक्षी राम यांच्या परिश्रमानें निघालेली को. ०२३८ ही जात सन २००९ मध्यें प्रसारित झाली. वजन व साखर दोन्ही उत्तम असल्यामुळें तिनें उत्तरेकडील शेतकऱ्यांच्या घरांत पैसा आणला, आणि सन २०२० च्या सुमारास त्या प्रांतांतील शेंकडा ऐंशींहून अधिक ऊस एकट्या या जातीचा झाला. मग लाल कुजेचा नवा प्रकार आला. सारा प्रांत एकाच उसाचा असल्यामुळें रोगास अडविणारा बांधच उरला नव्हता. शेतकऱ्यांस उभा ऊस उपटावा लागला व दुसऱ्या जातींकडे धांव घ्यावी लागली. जातीचा यांत दोष नाहीं, तिच्या जनकांचा तर नाहींच. एका खांबावर सारें घर उभारलें, तेथें चूक झाली.

आपल्याकडेही थोड्याच जातींवर फार मोठें क्षेत्र अवलंबून आहे, हें या ठिकाणीं स्पष्ट सांगितलें पाहिजे. को. ८६०३२ नें दीर्घ काळ आपणांस सांभाळलें. पण पुंड्या गेला, चारशें एकोणीस गेला, सातशें चाळीस गेला. हिचाही दिवस केव्हां तरी यावयाचा. संस्थेचें काम कधींच कां संपत नाहीं, याचें उत्तर हेंच होय. ती नवी जात देते, कारण जुनीस शत्रु सांपडत असतो.

६. बेण्याच्या तीन पायऱ्या

संशोधनाचें फळ शेतापर्यंत पोंचण्यासाठीं बेण्याच्या तीन पायऱ्या ठरविलेल्या आहेत. पहिली मूलभूत बेण्याची. संशोधन-केंद्रावर निवडक बेण्यास बाष्पयुक्त उष्ण हवेच्या यंत्रांत ५४ अंश सेंटिग्रेड उष्णतेवर अडीच तास ठेवितात. या उष्णतेनें गवताळ वाढीचें व खोडवा खुजा पडण्याचें बीज मारलें जातें, पण डोळा जिवंत राहतो. उष्णता कमी पडली तर रोग राहतो, वाढली तर डोळा मरतो. म्हणून हें काम घरच्या चुलीवर करावयाचें नव्हे. त्या बेण्यापासून दुसऱ्या वर्षीं कारखान्याच्या मळ्यावर पायाभूत बेणें तयार होतें, आणि त्यापासून तिसऱ्या वर्षीं निवडक शेतकऱ्यांच्या शेतावर प्रमाणित बेणें. आपल्या हातीं पडतें तें हें तिसरें. तें एकदां आणलें म्हणजे तीन वर्षें आपल्याच मळ्यांत वापरावें. मग पुन्हां नवें आणावें.

७. आपण काय करावें?

लेख लांबला आहे. म्हणून व्यवहारांत उपयोगी पडतील अशा गोष्टी क्रमानें देतों.

(१) प्रत्येकानें एक लहान वही घालावी. तींत गट नंबर, लावणीची तारीख, उसाची जात, बेणें कोठून आणलें, तें कोणत्या पायरीचें, व तोडणीस टन किती पडले, एवढें लिहावें. सरकारी तक्त्यांत हें मिळणार नाहीं.

(२) बेण्यासाठीं खोडव्याचा ऊस घेऊं नये. मुद्दाम वाढविलेल्या बेणेमळ्यांतील नऊ ते अकरा महिन्यांचा, फुगीर व ताज्या डोळ्यांचा लावणीचा ऊस घ्यावा.

(३) काणीचा चाबूक किंवा गवताळ बेट दिसल्याबरोबर समूळ उपटून जाळावें. चाबूक फुटून काळी भुकटी उडण्यापूर्वीं त्यावर पोतें घालून तो कापावा.

(४) सर्व क्षेत्र एका जातीखालीं घालूं नये. पांच एकर ऊस असेल तर निदान एक एकर पाडेगांवनें शिफारस केलेल्या दुसऱ्या जातीचा ठेवावा. दोन-चार टन कमी पडले तरी तो विम्याचा हप्ता समजावा.

(५) पानें पिवळीं पडून ऊस वाळूं लागला, आणि चिरून पाहिल्यावर आंत लाल रंगांत आडवे पांढरे पट्टे व आंबूस वास आढळला, तर तो ऊस झांकून न ठेवतां ताबडतोब कारखान्याच्या शेतकी खात्यास व संशोधन-केंद्रास कळवावें. कारखाना ऊस नाकारील या भीतीनें रोग लपविला, तर त्याचें नुकसान शेजाऱ्यासही भोगावें लागतें.

(६) परराज्यांतून कोणी 'नवीन चमत्कारी जात' म्हणून बेणें आणलें तर तें लावूं नये. टिपरीबरोबर कोणता रोग गांवांत येईल याचा नेम नाहीं. जात हवी असेल तर तिचा क्रमांक विचारावा, व ती आपल्या विभागासाठीं प्रसारित झाली आहे किंवा नाहीं याची पाडेगांवास पत्र पाठवून खात्री करावी.

कोइमतूरच्या शास्त्रज्ञानें हजारों रोपांतून एक निवडलें, पाडेगांवनें तें आपल्या मातींत पारखलें, यंत्रांत तें रोगमुक्त झालें. इतकें झाल्यावर शेवटची पायरी आपल्या बांधावरची असते. ती जर निसटली तर मागील चौदा वर्षांचें काम व सरकारी खर्च दोन्ही मातींत जातात, आणि दोष मात्र आपण जातीस देतों. सबब यंदाच्या लावणीपूर्वीं ज्याच्याकडून बेणें घ्यावयाचें त्यास जात कोणती, बेणें कोणत्या पायरीचें व लावणीचें कीं खोडव्याचें, हे तीन प्रश्न अवश्य विचारावे. उत्तर समाधानकारक न मिळाल्यास लावणी पंधरा दिवस लांबणीवर टाकावी, परंतु तसलें बेणें आपल्या शेतांत येऊं देऊं नये.